मेंदीची रेघ

चित्रगुप्तानं पहिला आलेख काढला, तशी हेमांगी टिपणीस खुर्चीवरून टुणकन उठली आणि तिच्या कोपराच्या धक्क्यानं कॉफीचा अख्खा कप सरकारी कागदांवर पालथा झाला.

"लोरेटा! लवकर ये! पट्टे आले, पट्टे!"

ओहायोतलं टोलेडो हे काही न्यूयॉर्क-शिकागो नव्हे. काचेचे कारखाने, गाड्यांचे सुटे भाग आणि खाद्यपदार्थांच्या गोदामांवर पोट भरणारं मध्यम शहर. तिथल्या कामगारांची हेळसांड होऊ नये आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात भलताच माल पडू नये, म्हणून केंद्र सरकारनं नदीकाठी एक छोटं कार्यालय थाटलं होतं. लोरेटा बीमन त्याची प्रमुख. अठ्ठावीस वर्षं कारखाने तपासून तपासून मालकांच्या नोंदवह्यांवरचा तिचा विश्वास पार उडालेला. हातातलं डोनट तसंच धरून ती धावत आली.

"नीट सांग. मला रसायनशास्त्र येत नाही हे तुला ठाऊक आहे."

"हे अंगठ्याचं नख. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा दहावा भाग. आज मुळाशी जे नख तयार होतं, त्यात आज रक्तात असलेलं सगळं अडकून बसतं आणि हळूहळू वर सरकतं. मसाल्यातले जंतू मारायला जो वायू वापरतात ना, तो नखातल्या प्रथिनाला असा घट्ट चिकटतो की धुऊन, घासून जात नाही. आपलं यंत्र केसाहून बारीक लेझरनं नखावर एक उभी रेघ ओढतं, प्रत्येक ठिपक्याची वाफ करतं आणि त्या वाफेतले रेणू तोलतं. ज्या दिवशी वायू अंगात गेला, त्या दिवशीच्या ठिपक्यावर काटा उडी मारतो."

"आणि किती उड्या मारल्या?"

"अकरा!" हेमांगीनं पडद्यावर बोट आपटलं. "लोरेटा, आजवर आपण कारखान्यात जायचो तोवर खिडक्या उघडलेल्या असायच्या. आता माणूसच नोंदवही घेऊन येतो, आणि ती मालकाला बदलता येत नाही!"

शिवणयंत्राएवढ्या त्या यंत्राला सरकारी कागदावर लांबलचक नाव होतं. चित्रगुप्त हे नाव हेमांगीचं. ती कायस्थांच्या घरातली, आणि पापपुण्याचा हिशेब लिहिणारा चित्रगुप्त हा त्यांचा मूळपुरुष. ते नाव कार्यालयात इतकं रुळलं की लोरेटासुद्धा त्याला लाडानं 'चित्रा' म्हणू लागली. तीन राज्यांत हे यंत्र चालवायला शिकलेली एकटी हेमांगी, आणि ही त्याची पहिलीवहिली केस. गेला आठवडाभर तिला झोप अशी लागलीच नव्हती.

झोप न लागायला दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

अकरा पट्ट्यांचा तो अंगठा दिलमाया राई या बाईचा. भूतानमधून नेपाळच्या छावणीत आणि तिथून ओहायोत आलेली, पस्तिशीची. तीन महिन्यांपासून तिची बोटं बधिर व्हायची, हातातला चहाचा कप सुटायचा. तिच्याबरोबरच्या आणखी दोघींचं तेच. तिघीही घमघमाट फूड्स या मसाल्याच्या कारखान्यात पोती उघडायच्या खोलीत कामाला. तिथे एकूण तेवीस बायका होत्या. एक मार्चपासून नवा कायदा लागू झाला होता: बंदिस्त कोठी नसलेल्या कारखान्यानं तो वायू वापरायचाच नाही, गरम वाफेनं मसाला निर्जंतुक करायचा. कारखान्याचे कागद सांगत होते की अठ्ठावीस फेब्रुवारीलाच वायू बंद केला आणि वाफेचं यंत्र बसवलं.

आणि घमघमाट फूड्सचा मालक होता दिनकर मगदूम. हेमांगीचा दिनकरदादा.

सोळा वर्षांपूर्वी ती शिकायला इथे आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिकडे तिचे वडील गेले. खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही. सांगलीच्या हळदपेठेत वाढलेल्या या माणसानं तिला नुसतं देवळात रडताना पाहिलं आणि तिकीट हातावर ठेवलं. परत आली तेव्हा स्वतः विमानतळावर न्यायला आला. दोन वर्षं तिला आपल्या घरात ठेवून घेतलं. तेव्हापासून एकही भाऊबीज तिनं चुकवली नव्हती. टोलेडोत तिला माहेर होतं ते हेच.

केस हाती घेताना एक फॉर्म भरावा लागतो. 'मालकाशी तुमचं रक्ताचं, विवाहाचं अथवा आर्थिक नातं आहे का?' तीन चौकोन. मानलेल्या भावासाठी चौथा चौकोन कुठल्याच सरकारनं छापलेला नाही. हेमांगीनं तिन्ही चौकोनांत 'नाही' लिहिलं. अक्षर खरं होतं, मन खोटं होतं. 'केस सोडली तर चित्रगुप्त चालवणार कोण?' असं तिनं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर पहिली केस दुसऱ्याच्या हाती जावी हे तिला सोसलं नसतं. त्यातून दादा असं काही करणारच नाही, यंत्र त्याला निर्दोष ठरवील, अशीही एक वेडी आशा होती. आता पडद्यावर अकरा पट्टे उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्यांच्या तळावर दिनकरदादा तिची वाट पाहत उभा. हातात डबा.

"दादा, मला तुझ्याशी बोलता येणार नाही. केस चालू आहे."

"मग नको बोलू की. मी कुठं बोलायला आलोय? वहिनीनं भरलं वांगं दिलंय, तेवढं घे."

"दादा, ते वाफेचं यंत्र—"

"आता तूच बोलतीस बघ!" तो हसला, मग हसू ओसरलं. "हेमे, अगं वाफेनं मसाल्याचा वासच जातो. हळद अशी फिक्कट पडती, बघवत न्हाई. आमच्या पेठेत आयुष्यभर पोत्यांना धुरी दिली माणसांनी. कोण मेलं? नव्वदीपर्यंत जगली सगळी. एवढंच सांगतो. जेवून घे."

तो गाडीत बसून गेलासुद्धा. हेमांगी डबा धरून तिथेच उभी राहिली. त्यानं कबुलीच दिली होती की काय, हे तिला स्वतःशीसुद्धा बोलवेना. डबा मात्र तिनं तसाच लोरेटाच्या टेबलावर ठेवला आणि मालक तळावर भेटून गेल्याचं, वाफेनं वास जातो असं म्हणाल्याचं नोंदवून टाकलं. माहेरचं भरलं वांगं सरकारजमा झालं.

बुधवारी कारखान्याच्या वकिलाचं पत्र आलं. ग्रेग हॅलोरन नावाचा हा वकील चांगलाच पोचलेला. त्यानं पट्टे नाकारलेच नाहीत! 'वायू अंगात गेला असेल, पण फेब्रुवारीआधी, तो कायदेशीर असताना. नखं सगळ्यांची सारख्या वेगानं वाढत नाहीत. आजारी माणसाचं नख तर गोगलगायीसारखं वाढतं. तुमचं यंत्र पट्टा दाखवतं, तारीख दाखवत नाही.'

"आणि त्याचं बरोबर आहे का?" लोरेटानं विचारलं.

"अर्धं," हेमांगीनं ओठ चावला. "वेगाचा अंदाज आहे माझ्याकडे. पण तो अंदाजच. कोर्ट पुरावा मागेल."

"सुनावणी शुक्रवारी आहे. तारीख सिद्ध झाली नाही तर आपण तात्पुरती बंद केलेली ती खोली सोमवारी उघडते आणि त्या तेवीस बायका परत आत जातात. मसाला दुकानात जातो तो वेगळाच."

त्या संध्याकाळी दिलमायाला पुन्हा बोलावलं. दोघी हिंदीतून बोलायच्या. वेग मोजता येतो का ते बघायला हेमांगीला तिचं नख स्वच्छ नखाशेजारी ताडून पाहायचं होतं. स्वच्छ नख आणायचं कुठून? तिनं स्वतःचाच अंगठा पुढे केला.

"दिदी, आधी हे पिवळं काढू का? तुमच्या मोठ्या बाईंनी मागच्या वेळी सांगितलं होतं, हळदीचे डाग घासून ये म्हणून. खूप घासलं, साबण लावला, उन्हात धरलं. जात नाही."

"हळद उन्हात टिकत नाही, दिलमाया. पटकन उडते." हेमांगी भिंगावर डोळा लावता लावता म्हणाली आणि थांबली.

भिंगाखाली दोन अंगठे होते. दिलमायाच्या नखाचा वरचा तुकडा नारिंगी. खाली एक स्वच्छ, सरळ कड. त्याखाली साधं नख. आणि शेजारी तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर अगदी तसाच नारिंगी तुकडा, तशीच कड.

"अगं बाई! मेंदी!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की दिलमाया दचकून मागे सरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पत्र आल्यापासून ती जगभरचे संशोधन-निबंध चाळत होती आणि तारीख तिच्याच अंगठ्यावर बसली होती. मेंदीचा रंग नखातल्या प्रथिनाला कायमचा चिकटतो, नख कापलं जाईपर्यंत हलत नाही. मेंदी लागली त्या दिवशी जेवढं नख कातडीबाहेर होतं तेवढं रंगलं. कडेच्या खालचं सगळं नंतर बाहेर आलं. कडेखालचे चार-पाच मिलिमीटर सोडून द्यायचे, कारण ते त्या दिवशी कातडीखाली दडलेले असणार. त्याच्याही खाली, थेट मुळापर्यंत जे आहे ते मेंदीनंतर जन्मलेलं. तिथे वेगाचा प्रश्नच उरत नव्हता. नख हरणासारखं वाढो की गोगलगायीसारखं, कड ती कडच.

तिनं आलेख त्या नखावर बसवला. अकरापैकी सात पट्टे त्या शेवटच्या भागात होते.

"दिलमाया, ही मेंदी कधीची?"

"विसरलात दिदी? साहेबांच्या ईशानीच्या लग्नाची. तुम्ही माझ्या शेजारीच तर बसला होता."

हेमांगीनं आपला अंगठा मुठीत मिटला.

पंधरा मे, तीन महिन्यांपूर्वी. लग्नाच्या दोन दिवस आधी दिनकरदादाच्या अंगणात मांडव होता. कारखान्याला सुट्टी. दादानं शिकागोहून मेंदी काढणाऱ्या आठ मुली बोलावल्या होत्या. नवरीची आत्या म्हणून पहिला मान हेमांगीचा. सोहळ्यात नलूवहिनी, म्हणजे दादाची बायको, तिला कुंकू लावायला आली तेव्हा वहिनीचा हात असा कापला की कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. "लेक चालली म्हणून हात कापतोय," असं म्हणून सगळ्या हसल्या. हेमांगीसुद्धा हसली.

आता ही तारीख कोर्टात सांगायची, तर आपण तिथे काय म्हणून बसलो होतो तेही सांगावं लागणार. न सांगावं तर सोमवारी खोली उघडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दिलमायानं पाण्याचा पेला उचलला, तो तिच्या बोटांतून निसटून टेबलावर आडवा झाला. "माफ करा दिदी," म्हणत ती ओढणीनं पाणी पुसू लागली. हेमांगीनं तिचा हात धरून थांबवला आणि तडक लोरेटाच्या खोलीत गेली.

लोरेटानं सगळं ऐकलं.

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंस."

"हो."

"भाऊ आहे तो तुझा."

"हो. फॉर्ममध्ये चौकोन नव्हता, हे मी म्हणू शकते. पण म्हणणार नाही. मला माहीत होतं."

"तुझ्यावर मी एवढी कधीच रागावले नव्हते," लोरेटा म्हणाली आणि खरंच तिचा आवाज फुटला. "आत्तापासून तू या केसवर नाहीस. तेवीसही जणींची नखं तपासायला उद्या मुख्यालयातून विमानानं तंत्रज्ञ येईल. तू शुक्रवारी साक्षीदार म्हणून ये, आणि पक्षपात केला म्हणून तुझी साक्ष हॅलोरननं फाडून टाकली तर मी तुला वाचवणार नाही."

शुक्रवारी सकाळी कोर्टात पुढच्या बाकावर तेवीस बायका बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला दिनकरदादा, निळ्या कोटात, आणि त्याच्या शेजारी हात पदराखाली घेऊन नलूवहिनी. तंत्रज्ञानं सांगितलं, तेवीसही नखांवर मेंदीची एकेकच कड आहे आणि तिच्या बऱ्याच खाली, मुळाकडे पट्टे आहेत. मग हेमांगीनं शपथ घेतली आणि कड काय सांगते ते सांगितलं, तारीख सांगितली. दादाकडे तिनं पाहिलं नाही.

हॅलोरन वाघासारखा उठला.

"न्यायाधीशबाई, या तारखेला आधार एकट्या या बाईंच्या शब्दाचा. आणि या बाई कोण? मालकाच्या घरच्या! हे त्यांनी सरकारपासून लपवलं. त्यांचा शब्द कोर्टानं धरूच नये. मी हे माझ्या अशिलाच्याच तोंडून सिद्ध करतो."

दिनकरदादा साक्षीदाराच्या खुर्चीत ऐसपैस बसला. त्याचं इंग्रजी फर्डं होतं, सांगलीच्या हेलासकट.

"मिस्टर मगदूम, या बाई तुमच्या कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खीला सोळा वर्षांत एक फोन करायला सवड झाली न्हाई. ही दर भाऊबीजेला येती. आता तुम्हीच ठरवा सख्खी कोण."

"पंधरा मे रोजी त्या तुमच्या घरी होत्या?"

"म्हणजे काय! नवरीची आत्या ती. मेंदीचा पहिला हात तिचा."

"पाहा, न्यायाधीशबाई!" हॅलोरन विजयानं वळला. "संबंध सिद्ध झाला."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "झाला खरा. मिस्टर मगदूम, त्या दिवशी आणखी कोणाकोणाला मेंदी लावली?"

हॅलोरनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो हरकत घ्यायला उठेपर्यंत दादानं छाती पुढे काढली होती. पाहुणचाराबद्दल कोणी विचारलं की या माणसाला राहवत नसे.

"सगळ्यांना! माझ्या कारखान्यातल्या तेवीसच्या तेवीस बायका आल्या होत्या. एकीचाही हात कोरा जाऊ दिला न्हाई मी. एरवी कारखान्यात मेंदीला सक्त बंदी आहे, अन्नाचं काम म्हणून. वर्षभरात तेवढ्या एका दिवशी मीच सूट दिली, लेकीच्या लग्नाची..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. समोर तेवीस जणींनी, कोणीही न सांगता, आपापले अंगठे गुडघ्यांवर वर करून ठेवले होते. दादा त्या अंगठ्यांकडे पाहत राहिला. मग त्यानं हेमांगीकडे पाहिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला हवा! तारीख आता तिच्या शब्दावर अवलंबून नव्हती. ती तिला घरचं माणूस म्हणणाऱ्यानंच, अभिमानानं, शपथेवर सांगितली होती.

दुपारपर्यंत हुकूम निघाला. खोलीला कुलूप, मार्चनंतरचा सगळा मसाला दुकानांतून परत, कामगारांच्या उपचारांची जबाबदारी मालकावर. कोर्टाबाहेर दिलमायानं हेमांगीला मिठी मारली आणि बाकीच्यांनी असा गलका केला की पोलीस डोकावून गेला. लोरेटानं लांबूनच हेमांगीला सांगितलं, "सहा महिने तू फायली लावशील. चित्राला हात लावायचा नाही." आणि मग जवळ येऊन, हळूच, "पण काय रेघ शोधलीस, पोरी!"

दादा कोणाशीही न बोलता निघून गेला होता.

सोमवारी सकाळी हेमांगी फायली लावत बसली होती, तेव्हा दार उघडलं. दिनकरदादा उभा होता, दोन दिवसांची दाढी वाढलेला. मागे नलूवहिनी.

"हेमे," तो म्हणाला, "शनिवारपासून मी डोळा मिटला न्हाई. वकील म्हणत होता अपील करू. मी हिला म्हटलं, चहा दे. हिनं कप दिला आणि निम्मा माझ्या हातावर सांडला." त्यानं वहिनीचा हात पदराखालून काढून टेबलावर ठेवला. "लेक गेल्याचं दुःख तीन-तीन महिने हातात राहतं व्हय गं?"

हेमांगीला पोती उघडायची खोली आठवली. कारखान्याची रीतच होती. पोतं उघडलं की पहिली चिमूट नलूवहिनीची. ती वाकून पोत्यात हात घालायची, वास घ्यायची आणि ती चिमूट कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे ठेवायची. तो मान दादा दुसऱ्या कोणाला देत नसे. वायू सर्वांत दाट असायचा तो पोतं उघडण्याच्या पहिल्या क्षणी. तीन राज्यांत या आजाराची लक्षणं ओळखणारी एकटी हेमांगी, आणि मांडवात तो कापरा हात कपाळाला लागला तेव्हा ती सगळ्यांबरोबर हसली होती.

"मला यंत्राला हात लावायची परवानगी नाही, दादा. लोरेटाला बोलावते."

हेमांगी लांबून सांगत गेली तसा लोरेटानं स्वतः चित्रगुप्त चालवला. काटा उडी मारू लागला तसा दादा पुटपुटत मोजू लागला, हळदीची पोती मोजावीत तसा. दिलमायाच्या अकरापाशी आलेख थांबला नाही. एकोणीस.

"पहिली चिमूट," दादा म्हणाला. "मानाची म्हणून मीच द्यायचो." आणि इतकी वर्षं कधी कोणापुढे न रडलेला तो दांडगा माणूस खुर्चीत बसून हुंदके देऊ लागला.

नलूवहिनीनं कापऱ्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटलं. मग हेमांगीकडे वळून विचारलं, "हे बरं होतं का गं?"

"होतं, वहिनी! वायू थांबला की नसा हळूहळू सावरतात. डॉक्टरांकडे आजच जाऊ." हेमांगीनं तिचा अंगठा आपल्या हातात घेतला. "आणि हे बघ, इथून, मुळापासून, आता जे नख येईल ते स्वच्छ येईल. रोज थोडं थोडं. दिसेल आपल्याला!"

दादानं डोळे पुसले.

"भाऊबीजेला येशील?" त्यानं मान वर न करताच विचारलं. "मला ओवाळू नको पाहिजे तर. हिचं नख किती आलंय, तेवढं बघायला ये."

"दोन्हीला येईन," हेमांगी म्हणाली.